लाल सायकल आणि ‘थँक्यू म्हण ना!’

प्रश्न

मुलगी साडेचार वर्षांची, एकुलती एक. घरात आजी-आजोबा आहेत. आई-बाबा दोघंही नोकरी करतात. वरकामाला आणि दिवसभर मुलीकडे बघायला एक मावशी येतात. वाढदिवसाला आजोबांनी दुखऱ्या गुडघ्यांनी, भर पावसात तीन दुकानं पालथी घालून सायकल आणली. पाहुण्यांसमोर कागद फाडून लेक म्हणाली, ‘ही लाल आहे. मला निळी हवी होती.’ आईने ‘आधी थँक्यू म्हण’ असं चारदा बजावलं. पाचव्यांदा मुलगी रडत आत पळाली. आजोबा काहीच बोलले नाहीत, पण त्या रात्री जेवलेही नाहीत.

तेव्हापासून आईने कंबर कसली आहे. झोपताना मोबाइलवर लावून दहा मिनिटं डोळे मिटून ध्यान चालतं. ‘कृतज्ञतेची बरणी’ केली आहे, तिच्यात रोज तीन चिठ्ठ्या पडतात. शाळेनेही तशीच एक वही दिली आहे. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, ‘सगळ्यांना थँक्यू, सगळ्याला थँक्यू. आता गोष्ट सांग.’ बाबा म्हणतात, लाड बंद करा, आपोआप किंमत कळेल. सासूबाई म्हणतात, संस्कार कमी पडले. जवळच रविवारचा एक वर्ग निघाला आहे. तिथे नाच, आसनं आणि सजगतेचे खेळ यांतून लहान मुलांना कृतज्ञता शिकवतात. फी बरीच आहे. तिथे घालावं का? पुढचा वाढदिवस अनाथाश्रमात करावा का? आणि शेवटी ता. क.: ‘मावशींशीही ती हुकूम सोडल्यासारखं बोलते. पाणी दे, बूट काढ. पण ते वयच तसं असेल.’

उत्तर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, ‘सगळ्याला थँक्यू, आता गोष्ट सांग’ या वाक्याला. साडेचार वर्षांच्या माणसाने मोठ्यांच्या कार्यक्रमाचा इतका नेमका निकाल लावलेला मी क्वचितच ऐकलाय, आणि माझी बरीच वर्षं बालवाडीत गेली आहेत. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र ताज्या कलमापाशी थांबले. तिथे नंतर येते.

आधी सायकल. तुमच्या लेकीने केलं काय? लाल वस्तूला लाल म्हटलं आणि आपल्याला काय हवं होतं ते सांगितलं. तिला वाईट वाटलं आणि ते तिने लपवलं नाही. चारचौघांत आजोबांचा चेहरा पडला, ते तुम्हाला लागलं, आणि ते लागणं खरं आहे. पण तुम्ही तिला कृतघ्न ठरवलंत ते आजोबांचे गुडघे, तीन दुकानं आणि पाऊस डोळ्यांपुढे ठेवून. तिच्यापुढे फक्त एक चकचकीत कागद होता. तीन दुकानांची गोष्ट तिला त्याआधी किंवा त्यानंतर कुणी सांगितली? तुमच्या पत्रात तरी तसं कुठे नाही.

आपल्या भाषेने हे फार आधी ओळखलंय. कृतज्ञ म्हणजे कृत जाणणारा, केलेलं ज्याला कळतं तो. साध्या मराठीत आपण म्हणतो, ‘त्याला जाण आहे.’ जाण म्हणजे उपकाराची आठवण आणि जाण म्हणजे नुसतं कळणंही, शब्द एकच. तुम्ही ज्याला माइंडफुलनेस म्हणता ते आणि ज्याला ग्रॅटिट्यूड म्हणता ते, आपल्याकडे एकाच घरात राहतात. कळल्याशिवाय जाण कुठून येणार? तुम्ही शेवटची पायरी, म्हणजे तोंडाने म्हणणं, आधी चढवायला बघताय आणि पाय हवेत पडतोय.

शिवाय वयाचंही आहे. मुलांवरचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. मागे त्याची आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर तो कुठे शोधेल? तीन वर्षांची बहुतेक मुलं म्हणतात, दुसऱ्या कपाटात. म्हणजे मला माहीत आहे ते त्यालाही माहीत असणारच! दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं काही असू शकतं, हे साधारण चार ते पाच या वयात उमगू लागतं. आणि ‘आजोबांना मला खूश करायचं होतं, त्यासाठी त्यांनी त्रास सोसला’ हे कळायला नेमकं तेच लागतं. अमेरिकेत काही मुलांना तिसऱ्या वर्षापासून पाचव्यापर्यंत पाहिलेला एक अभ्यास 2013मध्ये आला. ज्यांना आधी भावना ओळखता येत होत्या आणि मग दुसऱ्याच्या मनातलं ताडता येत होतं, त्यांनाच पाचव्या वर्षी कृतज्ञता अधिक समजत होती. तुमची लेक या उंबरठ्यावर उभी आहे. मागे पडलेली नाही.

मग ‘थँक्यू म्हण’ म्हणायचंच नाही का? म्हणा की. चपला रांगेत ठेव, शिंकताना तोंडावर हात ठेव, तसंच हेही. ती रीत आहे आणि रीत शिकवावीच. फक्त तिला भावना समजू नका. 1976 साली अमेरिकेतल्या दोन संशोधक बायकांनी एक गमतीचं काम केलं. तिकडे हॅलोविनच्या रात्री मुलं दारोदार खाऊ मागत फिरतात. त्यांनी त्या वेळचं बोलणं टेपवर घेतलं. मागे उभे आईबाप ‘काय म्हणायचं असतं?’ म्हणून टोचत होते. शब्द वदवून घ्यायची घाई सगळ्यांना, त्याचा अर्थ सांगायच्या भानगडीत मात्र कुणी फारसं पडत नव्हतं. आपण वाढदिवसाला वेगळं काय करतो?

आपल्या घरांत तर हा शब्द तसा उपराच. माझ्या आईने बाबांना जन्मात धन्यवाद दिले नसतील. पंगतीतून उठताना म्हातारी माणसं ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायची. आजी ताक पिऊन ‘जीव थंड झाला गं’ म्हणायची, आणि ताक देणारीला सगळं पोचायचं. मुलांचं पोचवणं याहून निराळं असतं. बर्नमधल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना विचारलं होतं, ‘तुझी सगळ्यांत मोठी इच्छा कोणती? आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील?’ 1938 साली त्यांनी ते छापलं. बरीच मुलं म्हणाली, मी त्यांना अमुक देईन, आणि ते अमुक म्हणजे त्यांना स्वतःला आवडणारी वस्तू! तेव्हा तुमच्या लेकीने चोखलेलं बिस्किट आजोबांच्या तोंडात कोंबलं, तर ती पावती समजा आणि आजोबांनाही तसं सांगा.

आता बरणी, वही आणि रात्रीचं ध्यान. रोज किंवा आठवड्याला चांगल्या गोष्टी लिहून काढण्याचा जो गाजलेला अभ्यास आहे, 2003चा, तो मोठ्या माणसांवर, मुख्यतः कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला. डोळे मिटून श्वासाकडे बघण्याचा जो प्रकार मोबाइलवर आलाय, त्याचं आजचं रूप बऱ्याच अंशी 1979मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात घडलं, जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या प्रौढांसाठी. ज्या मुलीला अजून लिहिता येत नाही, तिच्या चिठ्ठ्या कोण लिहितं? तुम्हीच ना? मग ती तुमची बरणी आहे. तुम्हाला त्यात बरं वाटत असेल तर खुशाल चालू ठेवा, तिला सोडवा. वहीबद्दल बाईंना सरळ विचारा, आठवड्यातून एक चित्र चालेल का म्हणून. बऱ्याच बाई सुटकेचा नि:श्वास टाकतील.

सजगता या वयात डोळे मिटून येत नाही. ती हातापायांतून येते. हे मी आजचं सांगत नाही. माँटेसोरीबाईंच्या बालघरांत मुलं जमिनीवर आखलेल्या रेषेवरून चालायची. हातात घंटा, आणि ती वाजू द्यायची नाही. किंवा काठोकाठ भरलेला पेला, आणि थेंब सांडायचा नाही. चंचल म्हणून हिणवलेलं पोर जीभ बाहेर काढून, श्वास रोखून चालतं तेव्हा बघावं. ध्यान ध्यान म्हणतात ते हेच. ताराबाई मोडकांनी ही पद्धत मराठी मुलखात आणली. 1945मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर त्यांनी आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठी काम केलं. महागडं साहित्य परवडणारं नव्हतं, म्हणून बिया, पानं, दगड, शिंपले घेतले. तुम्हालाही रविवारच्या वर्गाची फी न भरता पुष्कळ करता येईल.

फरशीवर खडूने वाकडीतिकडी रेषा काढा, स्वयंपाकघरापासून आजोबांच्या खुर्चीपर्यंत. देवघरातली छोटी घंटा तिच्या हातात द्या. दोन-चार दिवस नुसतं चालू दे. तुम्हीही चाला आणि मुद्दाम एकदा वाजवा, तिला कोण आनंद होईल! मग घंटेच्या जागी पाण्याचा पेला द्या. रेषेच्या टोकाला आजोबा असतील. तो पेला त्यांनी घ्यायचा, तिच्यादेखत सावकाश प्यायचा आणि ‘जीव थंड झाला’ म्हणायचं. नाटक नको, तहान लागल्यावरच हा खेळ खेळा. आपल्या हातून दुसऱ्याची तहान भागते, हे एकदा कळलं की आपल्याला पाणी देणारा हातही दिसू लागतो. क्रम असा आहे. देणं आधी कळतं, मग घेणं.

दुसरा खेळ पोळीचा, आमच्या बालवाडीत सगळ्यांत चालणारा. ताटातली पोळी उलट्या दिशेने चालवत न्यायची. ही आली कुठून? तव्यावरून. मग दोघी मिळून फुगा, गाल फुगवून, टम्म. त्याआधी? लाटली. जमिनीवर गडगडत लोळा, लाटण्यासारखं. त्याआधी कणीक मळली, ती आजीच्या पाठीवर मळा, आजीला बरंच वाटेल. त्याआधी गिरणी, गोल गोल घरघर. त्याआधी मळणी, कापणी, विळा धरून वाका. मग वाऱ्यावर डुलणारं शेत. आणि सगळ्यांत आधी अंगाचं मुटकुळं करून, डोकं गुडघ्यांत घालून मातीतला एक दाणा. तिथे आपोआप शांतता होते. त्या शांततेत कानात सांगायचं, ‘चार महिने लागले हं हिला, तुझ्या ताटात यायला.’ मग उठून खरी पोळी खायची. प्रवचन अजिबात नको. ‘म्हणून अन्न टाकू नये’ हे वाक्य जिभेच्या टोकाशी येईल, ते पोळीबरोबर गिळा. जमलं तर एक करा, पुढच्या खेपेला पिठाची गिरणी तिला दाखवून आणा. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया मुलं विसरत नाहीत.

रात्री ध्यानाऐवजी तळपायांना तेल लावा. खोबरेल चालेल, गोडेतेलही चालेल. एक पाय हातात घ्यायचा आणि विचारायचं, ‘या पायाने आज कुठे कुठे नेलं?’ झोपाळ्यापर्यंत, जिन्यावर, चिखलात. मग दुसरा पाय. एखाद्या दिवशी हात. ‘याला आज कुणी धरलं होतं?’ एवढंच. कुणाचे आभार मानायला लावू नका. महिनाभरात एखाद्या रात्री तीच तुमचा पाय ओढून घेईल. घेतला नाही, तरी झोप चांगली लागेल.

अशा हालचाली आपल्याकडे आयत्या आहेत, आपण त्यांना कृतज्ञता म्हणून मोजत नाही इतकंच. नाचाच्या वर्गात पोरी आधी भुईला हात लावतात, आता तुझ्यावर पाय आपटणार म्हणून. पैलवान तालमीत उतरताना लाल माती कपाळाला लावतो. कबड्डीचा खेळाडू आत शिरताना वाकून मैदान शिवतो. खेळायला बागेत गेलात की लेकीने झोपाळ्याच्या साखळीला हात लावून मग बसावं, एवढी जरी सवय लागली तरी चालेल. ‘उठताना भुईला नमस्कार कर’ असं सांगायच्या ऐवजी तुम्ही करा. विचारेल ती, ‘काय करतेस?’

आता वर्गाबद्दल. जाऊन एक तास बघा. मुलं हालतात का, की आसनांचे फोटो निघतात? आईबापांना आत घेतात का? शेवटी प्रमाणपत्र आणि करंडक असेल तर मी तरी पाठवणार नाही. आवडलं तर पाठवा, मजेसाठी. मात्र कृतज्ञता तिथून शिकून येईल आणि घरी आपल्याला काही करावं लागणार नाही, ही आशा सोडा.

तुमच्या यजमानांचं म्हणणं अर्धं पटतं. न दिल्याने जाण येत नाही, चणचण येते. टंचाईत वाढून पुढे हावरी झालेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण वाढदिवसाला एका तासात वीस खोकी फुटतात तेव्हा कुठल्याच खोक्याकडे बघणं होत नाही, हे खरं. पुढच्या वेळी भेटी कपाटात ठेवा आणि एका दिवशी एक उघडा. देणाऱ्याला फोन लावा, ‘तुम्ही हे कुठून आणलंत?’ विचारू द्या. काकाने सांगितलं, ‘अगं, बसमध्ये विसरलो होतो, परत धावत गेलो’, तर ती वस्तू तिच्यासाठी बदलून जाते.

अनाथाश्रमाबद्दल मात्र मी स्पष्ट बोलते. नको. तुमचा हेतू चांगला आहे, आणि पुष्कळ सज्जन घरांत हे चालतं. पण तिथल्या मुलांकडून बघा. कुणाची तरी लेक नवा फ्रॉक घालून येते, केक कापते, ‘यांच्याकडे काही नाही’ हे शिकते आणि आई-बाबांचं बोट धरून घरी जाते. ती मुलं तुमच्या लेकीचा धडा होण्यासाठी तिथे राहत नाहीत. आणि साडेचार वर्षांचं मूल तिथून जाण घेऊन येत नाही, भीती घेऊन येतं. ‘यांचे आई-बाबा कुठे गेले? माझेपण जातील?’ हा प्रश्न रात्री अकरा वाजता येतो. पैसे द्यायचे तर तुम्ही दोघं जाऊन, गाजावाजा न करता द्या. ‘बघ, त्यांना मिळत नाही’ या वाक्यातून जी येते ती कृतज्ञता नव्हे. आपण वाचलो, एवढाच दिलासा असतो तो.

आणि आता ता. क.

ताई, आजोबांच्या दुखावण्याला तुमच्या पत्रात मोठा परिच्छेद आहे. मावशींना दोन ओळी, त्याही सगळं लिहून झाल्यावर. रागावू नका, बहुतेक घरांत हाच हिशेब असतो, माझ्याही होता. पण तुमच्या लेकीच्या दिवसातला सगळ्यांत मोठा ‘कृत’ कुणाचा आहे? तिला भरवतं कोण, बूट कोण काढतं? आजोबांच्या सायकलला थँक्यू म्हणायला तुम्ही पाचदा लावलंत. मावशींच्या पाण्याला कितीदा? ते वयच तसं असतं, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, वय नव्हे, कान तसे असतात. ती कुणाचा तरी सूर उचलतेय. घरात मावशींशी कोण कसं बोलतं, त्यांचा कप वेगळा आहे का, त्या जेवायला कुठे बसतात, हे ती रोज बघते. तिची वही तिथे भरते.

बैलपोळा माहीत आहेच तुम्हाला. श्रावणी अमावास्येला असतो, कोल्हापूर-साताऱ्याकडे आषाढातच बेंदूर होतो. शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी चारतात, ते सगळ्यांना दिसतं. मला आवडते ती आदल्या संध्याकाळची खांदेमळणी. वर्षभर जू जिथे घासलं तिथेच हळद आणि लोणी चोळतात. आणि बैलाच्या कानात सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ जाण असलेल्या माणसाला खांदा नेमका कुठे दुखतो ते ठाऊक असतं.

तो खेळ घरात आणा. संध्याकाळी लेकीला विचारा, ‘आज आपल्या घरात कुणाचा खांदा दुखला असेल?’ ती हुडकेल. आजोबांचा गुडघा सापडेल, आजीची कंबर सापडेल, कदाचित तुमची मानही. तळहातांवर तेल देऊन चोळायला पाठवा. मावशींच्या अंगाला मात्र असं कुणी परस्पर हात लावायला जाऊ नये, त्यांना आधी विचारा. त्यांना नको असेल तर खडूची रेषा त्यांच्यापर्यंत काढा आणि दुपारचा पाण्याचा पेला त्या रेषेवरून जाऊ द्या. घरी तुम्ही असाल त्या दिवशी तो पेला तुम्ही न्या. खेळ म्हणून नको, नेहमीसारखा.

सायकलचं राहिलंच. निळी आणून देऊ नका, आणि लाल आवडलीच पाहिजे असंही म्हणू नका. आजोबांना पटवा. दुकानातून निळी चिकटपट्टी आणा आणि दोघांना दांड्याला गुंडाळत बसू द्या, हवी तेवढी वेडीवाकडी. गुंडाळता गुंडाळता आजोबांनी त्या तीन दुकानांची गोष्ट सांगावी, पहिल्या दुकानात छत्री कशी उलटी झाली तिथपासून. खंडेनवमीला सायकल धुवून, पुसून तिला झेंडूची माळ घाला. तोवर दुचाकीवर तोल सांभाळायला कुणीतरी मागून धरावं लागेल. गुडघे दुखत असले तर आजोबांनी बाकावर बसून फक्त ‘पुढे बघ’ म्हटलं तरी पुरे. धरायचं काम बाबांचं.

आणि एक विचारायचं राहिलं. पत्रात कुठेच नाही म्हणून विचारते. मावशींचं नाव काय? तुमच्या लेकीला माहीत आहे?